वाच आणि पुढे दे

डॉक्टर मंडळी आपल्या सहकाऱ्यांस काय वाचावयास सांगतात, ह्या विषयावर एका धर्मगुरूने लेखणी उचलावी हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. आमचे शिक्षण तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान ह्या विषयांत झाले. सेमिनरीच्या ग्रंथालयात वैद्यकाचे एखादे कपाट होते की नाही, हेसुद्धा आम्हांस आठवत नाही. परंतु ह्या विषयाशी आमचा संबंध आवडीने जडलेला नाही. तो एका मुलाच्या मृत्यूने जडला, आणि त्या मृत्यूत आमचा वाटा होता. तो किती होता हे ठरवण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. जे घडले ते सांगणे मात्र आमच्या हाती आहे.

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव आमच्या नेहमीच्या वाटेवर आहे. तेरणा नदीच्या काठच्या वस्त्यांवर आमची काही कुटुंबे विखुरलेली असल्यामुळे तेरच्या बाजारात आमचे वरचेवर थांबणे होते. गाव फार जुने. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या सागरी वृत्तांतात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचे मोठे नगर असल्याचे नमूद आहे. ते तगर म्हणजेच आजचे तेर. येथील कापड गाड्यांतून भडोच बंदरात जाई आणि तेथून जहाजाने पश्चिमेकडील देशांत पोचे, असे तो व्यापारी सांगतो. गावात विटांचे प्राचीन त्रिविक्रम मंदिर आहे, रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले वस्तुसंग्रहालय आहे, आणि ह्या सर्वांहून लोकांच्या जिव्हाळ्याचे असे संत गोरोबाकाकांचे स्थान आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या गावाचे कापड समुद्र ओलांडून जात होते, त्या गावाच्या परिसरात सह्याद्रीच्या पलीकडून एक कागद यावयास किती वर्षे लागली, त्याची ही हकिगत आहे.

२००४ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. आम्हांस गुरुदीक्षा मिळून पाच वर्षे झाली होती. पहिला पाऊस पडून गेला होता आणि आम्ही एका वस्तीवर मुक्कामास होतो. रात्री नऊच्या सुमारास शेजारच्या घरातील बाई आपल्या मुलाला कडेवर घेऊन आली. मूल सहा-सात वर्षांचे. "फादर, लेकराला इचू चावलाय. सरपन काढताना चावला," ती म्हणाली. नवरा कामासाठी परगावी होता. वस्तीवर एक जाणता मनुष्य विंचू उतरवीत असे. त्याच्याकडून ती मुलाला घेऊन आली होती.

आम्ही मुलाला जवळ घेतले. कुठे दुखते ते विचारले. त्याने पाय दाखविला. परंतु तो फारसा रडत नव्हता. विंचू चावलेला मनुष्य कसा तळमळतो, ते आम्ही लहानपणी पाहिले होते. ह्या मुलाची तळमळ तशी नव्हती. त्याला दोनदा उलटी झाली होती आणि कपाळावरून घामाच्या धारा वाहत होत्या. त्याचे हात आमच्या हातात होते व ते थंडगार होते. आम्हांस वाटले, लेकरू घाबरले आहे. पावसाची हवा आहे, म्हणून हात गार पडले आहेत. दुखणे कमी आहे त्या अर्थी विषही कमी असावे. आम्ही त्याच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली. बाईला धीर दिला आणि सांगितले, "त्याला झोपू द्या. सकाळी उजाडताच मोटारसायकलवरून दवाखान्यात नेऊ."

मोटारसायकल दारातच उभी होती. टाकीत पेट्रोल होते. रस्ता चिखलाचा होता, पण जाण्याजोगा होता.

रात्री दोनच्या सुमारास बाईने हाक मारली. मुलाला श्वास घेववत नव्हता. छातीत घरघर होत होती आणि तोंडातून लालसर फेस येत होता. मग आम्ही निघालो. बाई मागे बसली, मूल मध्ये. वाटेतच, तिच्या मांडीवर, ते गेले.

पुढचे दिवस कसे गेले ते लिहीत नाही. अंत्यविधी आम्हीच केला. परमेश्वराची इच्छा आपणांस कळत नाही, असे आम्ही त्या प्रवचनात म्हणालो. बाईने मान हलविली. लोकांनीही मान हलविली. आमच्या भागात विंचवाने मूल जाणे ही पावसाळ्यातली ओळखीची गोष्ट होती. पैठणच्या नाथमहाराजांनी विंचवावर भारूड रचले, त्यात काम-क्रोध हा विंचू आणि सत्त्वगुण हा उतारा आहे. त्या भारुडाला लोक हसतात, डोलतात, बोधही घेतात. परंतु सरपणाखालच्या विंचवावर सत्त्वगुणाची मात्रा चालत नाही, आणि आमच्या प्रार्थनेनेही त्या रात्री ते विष उतरले नाही.

चार-पाच वर्षांनंतर तेरमध्ये एका डॉक्टरांशी आमची ओळख झाली. वयाने आमच्याएवढेच. प्रारंभी रुग्णांच्या निमित्ताने, नंतर पुस्तकांच्या निमित्ताने आमचे त्यांच्याकडे जाणे-येणे वाढले. एके दिवशी विंचवाचा विषय निघाला आणि आम्ही त्यांना त्या रात्रीची हकिगत सांगितली. का सांगितली ते आम्हांस माहीत नाही. कबुलीजबाब घेणाऱ्यालाही कधीतरी समोर कुणी ऐकणारा हवा असतो.

डॉक्टरांनी मध्येच थांबवून विचारले, "फादर, त्याचे हातपाय गार होते?"

"होते."

"घाम? उलट्या?"

"दोन्ही."

"आणि फार दुखत नव्हतं."

हा प्रश्न नव्हता. त्यांना उत्तर ठाऊक होते. ते उठले, कपाटातून एक फाईल काढली आणि तिच्यातून जुनी, कडा पिवळ्या पडलेली एक झेरॉक्स आमच्यासमोर ठेवली. दीडदोन पानांचा इंग्रजी मजकूर होता. वरच्या कोपऱ्यात निळ्या शाईने कुणीतरी लिहिले होते : 'वाच आणि पुढे दे.' डॉक्टर शिकत असताना वॉर्डातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याने तो कागद त्यांना दिला होता. लेखकांची नावे होती एच. एस. बावस्कर आणि पी. एच. बावस्कर. नियतकालिक होते लंडनचे 'लॅन्सेट'. साल १९८६.

आम्ही ते साल दोनदा वाचले. २००४ मधून १९८६ वजा केले तर अठरा उरतात.

हिंमतराव बावस्कर हे मूळचे आमच्याच मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातील देहेड ह्या गावचे. गरिबीत, पडेल ते काम करून ते डॉक्टर झाले आणि १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाचा सुळसुळाट. तेव्हाच्या पद्धतीचे सर्व उपचार करूनही विंचूदंशाचे रुग्ण डोळ्यांदेखत दगावत. पाठ्यपुस्तकांत ह्या विषयावर उपयोगी असे फारसे काही नव्हते. तेव्हा ह्या तरुण डॉक्टराने रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांची ऊब हे सारे टिपून ठेवण्यास सुरुवात केली. पाठ्यपुस्तकात जे नव्हते ते त्यांनी रुग्णाच्या देहावर वाचले.

ह्या वाचनातून निघालेला पहिला निष्कर्ष १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. विंचू चावल्यानंतर ज्याला दरदरून घाम येतो, उलट्या होतात आणि ज्याचे हातपाय गार पडतात, त्याच्या हृदयावर संकट येऊ घातले आहे, हे आधीच ओळखता येते. डॉक्टरांनी आम्हांस त्याचे कारण सोप्या भाषेत समजावून दिले. विंचवाच्या विषाने मज्जातंतू बेफाम उत्तेजित होतात. शरीरात जणू वादळ उठते. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार पडतात. त्या आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते. तोंडाला येतो तो लालसर फेस त्या पाण्याचा. ज्याला दंशाच्या जागी असह्य कळा येतात आणि जो ओरडून घर डोक्यावर घेतो, त्याच्या अंगात विष बहुधा भिनलेले नसते. जो फारसा ओरडत नाही, पण घामाने भिजतो आणि गार पडतो, त्याला धोका.

म्हणजे त्या रात्री ज्या ज्या खुणेवरून आम्ही स्वतःची समजूत घातली, ती प्रत्येक खूण धोक्याची होती.

दुसरा निष्कर्ष आमच्या हातातल्या कागदावर होता. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी, रक्तदाबावर दिली जाणारी 'प्राझोसिन' नावाची एक साधी गोळी बावस्कर पति-पत्नींनी विंचूदंशाच्या रुग्णांना दिली. तिने विष उतरत नाही. परंतु हृदयावरचा भार उतरतो आणि वादळ ओसरेपर्यंत माणूस तगून राहतो. गंभीर दंश झालेल्या शंभर रुग्णांमागे पूर्वी पंचवीस-तीस दगावत, ते प्रमाण ह्या गोळीने जवळजवळ एकावर आले. पुढे २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी दाखवून दिले की, प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो. २०२२ मध्ये त्यांना 'पद्मश्री' मिळाली. त्यांचे 'बॅरिस्टरचं कार्टं' हे आत्मचरित्रही डॉक्टरांनी आम्हांस वाचावयास दिले. परंतु त्या दिवशी आमच्या हाती आली होती ती केवळ दीडदोन पाने, आणि त्यांच्या भाराने आमचा हात जड झाला होता.

त्या संध्याकाळी परत जाताना आम्ही गोरोबाकाकांच्या घराशी थांबलो. तेथली कथा महाराष्ट्रात सर्वांस ठाऊक आहे. पत्नी पाण्याला गेली आहे, गोरोबा चिखल तुडवीत आहेत, मुखी विठ्ठलाचे नाम आहे, आणि त्यांचे रांगते मूल त्या चिखलात पायांखाली आले आहे. नामात रंगलेल्या बापाला ते कळत नाही. संतचरित्रात ही कथा भक्तीच्या एकतानतेचे उदाहरण म्हणून येते, आणि शेवटी पांडुरंगाच्या कृपेने मूल परत मिळते. परक्या परंपरेतील कथेचा अर्थ लावण्याचा आम्हांस अधिकार नाही. कथा सांगणाऱ्यांनी मात्र पायांखालचे मूल लपवून ठेवलेले नाही, हे आम्हांस त्या संध्याकाळी प्रथमच जाणवले. आम्हीही त्या रात्री प्रार्थनेत होतो. मस्तकावर हात होता आणि हातात हात होता. तो हात गार आहे हे कळूनही आम्हांस त्याचा अर्थ वाचता आला नाही.

आमच्या जुन्या करारात सिराखचा ग्रंथ आहे. त्यात वैद्याचा मान राखावा, कारण त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले आहे, अशा आशयाचा उपदेश आहे. आजाऱ्याने प्रार्थना करावी आणि वैद्यालाही जागा द्यावी, असे तो ग्रंथ सांगतो. सेमिनरीत आम्ही हा अध्याय अभ्यासला होता, परीक्षेत त्यावर लिहिलेही होते. वाचलेले आणि वेळेला आठवलेले यांत किती अंतर असते!

पुढे त्या डॉक्टरांच्या कपाटाशी आमची चांगली ओळख झाली. ते म्हणत, "आम्ही डॉक्टर एकमेकांना दोन प्रकारचं वाचन सांगतो. एक, रोगी वाचावा म्हणून. दुसरं, डॉक्टर माणूस राहावा म्हणून." ह्या दोहोंची उदाहरणे आम्हांस त्या कपाटात मिळाली.

पहिल्या प्रकारातील एक कथा तेरमध्ये बसून ऐकण्यासारखी आहे. गोरोबांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी आपल्या थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर थाप मारून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे ते पारखले, अशी आख्यायिका आहे. ती आम्ही डॉक्टरांना सांगत होतो, तेव्हा ते हसून म्हणाले की, त्यांच्या शास्त्रातही असाच एक थाप मारणारा होऊन गेला. लिओपोल्ड आउएनब्रुगर हा ऑस्ट्रियातील ग्राट्स येथील एका खानावळवाल्याचा मुलगा. पिंपावर बोटांनी थाप मारून आत दारू किती उरली ते ओळखतात, हे त्याला घरच्या धंद्यामुळे ठाऊक होते. व्हिएन्नात डॉक्टर झाल्यावर तो रुग्णांच्या छातीवर बोटांनी ठोकून पाहू लागला. फुप्फुसांत हवा असेल तर एक आवाज, पाणी असेल तर दुसरा. १७६१ मध्ये त्याने ह्यावर लॅटिनमध्ये शंभराच्या आतल्या पानांचे छोटे पुस्तक लिहिले. पुस्तकाचे फारसे स्वागत झाले नाही. सत्तेचाळीस वर्षांनी, १८०८ मध्ये, नेपोलियनचा वैद्य कॉर्व्हिसार याने ते फ्रेंचमध्ये भाषांतरित करून आपल्या टिपणांसह प्रसिद्ध केले. एवढा नामांकित वैद्य. शोध आपल्या नावावर खपविणे त्याला अवघड नव्हते. त्याने मूळ लेखकाचे नाव ठेवून ते पुस्तक साऱ्या व्यवसायबंधूंच्या हाती दिले. दुसऱ्याच वर्षी आउएनब्रुगर वारला. आज कोणताही डॉक्टर आपल्या छातीवर बोट ठेवून ठोकतो, तेव्हा त्यामागे एकाचे लिहिणे असते आणि दुसऱ्याचे पुढे देणे असते.

दुसऱ्या प्रकारातील वाचनासाठी डॉक्टरांनी आम्हांस विल्यम ऑस्लर यांची यादी दाखविली. ऑस्लर हे कॅनडातील एका धर्मगुरूचे पुत्र. प्रथम धर्मसेवेकडे वळलेले हे गृहस्थ पुढे वैद्यकाकडे गेले आणि आपल्या काळातील सर्वांत थोर वैद्यकशिक्षक ठरले. १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भाषणसंग्रहात वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी दहा पुस्तकांची यादी आहे. रोज झोपण्यापूर्वी अर्धा तास ही पुस्तके वाचावीत, असा त्यांचा सल्ला. आम्ही उत्सुकतेने यादी पाहिली, तर तिच्यात वैद्यकाचे पाठ्यपुस्तक एकही नाही! पहिलेच नाव जुन्या व नव्या कराराचे. पुढे शेक्सपिअर, मॉन्टेन, प्लुटार्क, मार्कस ऑरेलियस, एपिक्टेटस. नॉर्विचचे डॉक्टर टॉमस ब्राउन यांचे 'रिलिजिओ मेडिसी', म्हणजे एका वैद्याची श्रद्धा. मग 'डॉन क्विक्झोट', इमर्सन आणि शेवटी ऑलिव्हर वेंडेल होम्स.

होम्स यांच्यापाशी डॉक्टर थांबले. हे अमेरिकन लेखक स्वतः डॉक्टर होते. बाळंतिणींना होणारा जीवघेणा ताप एका बाळंतिणीकडून दुसरीकडे डॉक्टरच आणि सुईणीच पोचवितात, असे त्यांनी १८४३ मध्ये पुराव्यानिशी लिहिले. जे हात जीव वाचवावयास जातात तेच मरण घेऊन जातात, हे ऐकावयास कोणास आवडणार? नामवंत प्राध्यापकांनी त्यांची खिल्ली उडविली. चार वर्षांनी व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना हात धुवावयास लावून मृत्यू कमी करून दाखविले; त्यांच्याही वाट्याला बहुतांशी उपेक्षाच आली. ते लेखन वाचणाऱ्यांना आपल्या हातांकडे पाहावे लागत होते. आम्ही त्या वेळी आमच्या हातांकडे पाहत होतो. डॉक्टरांच्या ते लक्षात आले असावे, कारण त्यांनी विषय बदलला.

अलीकडे त्यांनी आम्हांस अतुल गावंडे यांचे 'बीइंग मॉर्टल' हे २०१४ सालचे पुस्तक दिले. अमेरिकेत शल्यविशारद असलेल्या ह्या लेखकाचे वडील विदर्भातील उटी गावचे, तेही डॉक्टर. शंभरी ओलांडलेले आजोबा गावात नातवंडां-पतवंडांत कसे जगले आणि वडिलांचे शेवटचे आजारपण कसे गेले, हे दोन्ही त्यात आहे. जेथे रोग बरा होणार नाही, तेथे डॉक्टराने रुग्णाला विचारावे की त्याला कशाची भीती वाटते आणि उरलेल्या दिवसांत त्याला काय हवे आहे, असा त्या पुस्तकाचा आग्रह आहे. रुग्णाभ्यंग देण्यास जाताना आम्हीही हल्ली तेल काढण्याआधी थोडा वेळ बसतो आणि विचारतो. उत्तरे आम्ही योजलेल्या प्रवचनात बसणारी नसतात. एका म्हाताऱ्याला आपल्या बैलाला कोण पाणी पाजणार, एवढीच काळजी होती.

ह्या साऱ्या वाचनाने आम्ही डॉक्टर झालो नाही, होऊ इच्छीतही नाही. परंतु एक विचार मनात पक्का झाला. त्या झेरॉक्सच्या कोपऱ्यातील आज्ञेचे दोन भाग होते. आम्ही पहिलाच पाळला होता. २०१२ च्या मे महिन्यात डॉक्टरांकडे बसून आम्ही दोघांनी एक पानभर मराठी मजकूर तयार केला. तो असा होता की, विंचू चावल्यावर घाम, उलट्या, गार हातपाय किंवा धाप ह्यांपैकी काहीही दिसले तर उजाडण्याची वाट पाहू नये. दुखणे कमी म्हणजे धोका टळला असे समजू नये. लहान मुलाला चावला असेल तर लक्षणांचीही वाट न पाहता न्यावे. मंत्र, चीर देणे, जडीबुटी ह्यांत वेळ घालवू नये. दवाखान्यात ह्यावर गोळी आहे. पावसाळ्यापूर्वीच्या रविवारी पवित्र मिस्सानंतर आम्ही ते पान प्रत्येक वस्तीवर वाचून दाखविले आणि भिंतीला लावले. वस्तीवर विंचू उतरविणारा तो जाणता मनुष्य अजून होता. त्याच्याही घरी जाऊन, त्याला कमीपणा न आणता, डॉक्टरांनीच समजावून सांगितले. तो आता चावलेल्या माणसाच्या हातापायांना हात लावून पाहतो आणि गार लागले तर स्वतःच गाडी बोलावतो.

ती बाईही त्या रविवारी आली होती. आम्ही वाचत असताना मागे भिंतीला टेकून उभी होती. लोक पांगल्यावर ती पुढे आली. "फादर, मला वाचता येत नाही. त्यो कागद पुन्यांदा वाचून दावा," ती म्हणाली. आम्ही वाचला. घाम. उलट्या. गार हातपाय. तिने प्रत्येक शब्दाला मान हलविली, जशी अंत्यविधीच्या प्रवचनाच्या वेळी हलविली होती. मग तिने विचारले, "हे तवा ठाऊक हुतं का?"

वाचकहो, आम्ही अनेकांचे कबुलीजबाब ऐकले आहेत. पण एका साध्या प्रश्नापुढे असे उभे राहण्याचा प्रसंग आमच्यावर आला नव्हता. परमेश्वराची इच्छा हे उत्तर आमच्यापाशी होते. ते आम्ही एकदा वापरून झाले होते. आम्ही तिला सांगितले की, होय, ठाऊक होते. अठरा वर्षे आधी छापून आले होते. आमच्या हाती आले नव्हते. आणि त्या रात्री लगेच निघावयाचे सोडून आम्ही सकाळची वाट पाहू या म्हणालो, ते चुकले.

ती बराच वेळ काही बोलली नाही. पदराने तोंड पुसले. आम्हांस वाटले ती निघून जाईल. गेली असती तर ते योग्यच झाले असते. ती म्हणाली, "मंग आता दर साली सांगत ऱ्हावा. आन् पोरं असतील तितं मोठ्यानं सांगा."

क्षमा केली असे ती म्हणाली नाही, आणि आम्हीही तो शब्द तिच्याकडे मागितला नाही. तिने काम सांगितले. ते आम्ही दर जूनमध्ये करतो. आमची बदली दोनदा झाली, तरी ते पान आम्ही बरोबर नेले. आता पुन्हा ह्याच भागात आहोत. अलीकडे वस्तीवरची शाळेत जाणारी एक मुलगी ते पान आमच्याऐवजी वाचून दाखविते, आणि आमच्यापेक्षा मोठ्याने वाचते.

मूळ झेरॉक्स डॉक्टरांनी आम्हांस देऊन टाकली होती. गेल्या वर्षी नव्याने दीक्षा घेतलेले एक तरुण धर्मगुरू आमच्याकडे आले, तेव्हा ती आम्ही त्यांच्या हाती ठेवली. कोपऱ्यातील निळी शाई फिकी झाली आहे, म्हणून ती अक्षरे आम्ही पुन्हा गिरवून दिली.